परीक्षेत न येणारं प्रकरण

“सर, थांबू नका ना!” मागच्या बाकावरून कुणीतरी ओरडलं आणि सगळा वर्ग पुन्हा हसला.

अण्णा, म्हणजे माझे वडील, थांबले होते. एक हात टेबलावर, दुसरा सदऱ्यावरून छातीशी. मुलांना वाटलं, सर पाद्रीणबाईंची नक्कल करताहेत. आम्हाला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला एक जुनी इंग्रजी कादंबरी होती. तिच्यातला बाप खेड्यातल्या चर्चचा पाद्री, घरात तीन लग्नाच्या मुली आणि त्यांची आई. ती आई सदा स्थळांच्या मागे. एखादं स्थळ हातचं गेलं की छाती धरून खुर्चीत बसायची. वर्गात तिचं नाव पाद्रीणबाई पडलं होतं, आणि अण्णा तिची नक्कल अशी करायचे की शेजारच्या वर्गातली मुलं खिडकीशी येऊन उभी राहायची.

मी पुढच्या बाकावर होते, म्हणून मला दिसलं. सदऱ्याआडचं गळ्यातलं इष्टलिंग त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं. आईच्या पूजेची उठताबसता थट्टा करणारे अण्णा! कपाळावरचा घाम ओघळून चष्म्याच्या काचेवर आला होता आणि तो पुसायला त्यांचा हात उठत नव्हता.

“गिरिजा,” ते म्हणाले. वर्गात ते मला कधीच नावानं हाक मारत नसत, सगळ्या मुलींसारखी मीही ‘मिस खानापुरे’ असे. “पुढचं तू वाच. मोठ्यानं.”

ते खुर्चीत बसले. मी उभी राहून वाचायला लागले. श्रीमंत पाहुणा जेवायला आलेला आहे, त्याचा घोड्याचा चाबूक दाराशी ठेवलेला आहे, आणि पाद्रीणबाई चाबकाची मूठ रुमालानं घासून बघते आहे, चांदीची आहे की पितळेची. वर्ग खदखदत होता. मी मधेच थांबून त्यांच्याकडे बघितलं, तर त्यांनी टेबलावरची बोटं जराशी हलवली, वाच म्हणून. मी वाचत राहिले. मला असं वाटायला लागलं होतं की जोवर माझा आवाज चालू आहे तोवर त्यांना काही होणार नाही. माझे उच्चार चुकत होते, ओळी दोनदा वाचल्या जात होत्या, आणि मुलांना त्याचंही हसू येत होतं.

मग त्यांचा चष्मा खाली पडला. तो उचलायला ते वाकले नाहीत, तेव्हा कुठे वर्ग गप्प झाला.

ही गोष्ट उदगीरची, एकोणीसशे एकोणऐंशी सालच्या मार्चमधली. शिपायांनी आणि मुलांनी अण्णांना खुर्चीसकट उचलून जीपमध्ये घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. मी मागून चालत गेले की पळत, ते आठवत नाही. कादंबरी मात्र माझ्या हातात तशीच होती.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं, “हृदयविकाराचा झटका आहे. आज निभावलंय. पण पुढचे काही दिवस फार जपायचं. मनाला धक्का बसेल असं काही म्हणजे काही त्यांच्या कानावर घालू नका.” आणि मग, मी फारच लहान दिसले असेन म्हणून, “घरात मोठं कोण आहे?” असं विचारलं.

“आई आहे,” मी म्हणाले, आणि मला आणखीच भीती वाटली.

कारण आमच्या घरात भिण्याचं काम आईकडे होतं. आई चौथी शिकलेली, भालकीजवळच्या खेड्यातली. तिचं नाव शिवकांता. अण्णा तिला चिडवायला ‘शिवकांताबाई’ म्हणत. पाऊस लांबला तर ती भ्यायची, तारवाला गल्लीत शिरला तर भ्यायची, आणि सगळ्यांत जास्त भ्यायची ती आम्हा तिघी बहिणींच्या लग्नांना. मी थोरली, मग रेवती, मग शैला. “एकदा ह्या पोरी उजवल्या की मी सुटले,” हे तिचं वाक्य दिवसातून एकदा तरी व्हायचं. त्या सकाळीही ज्वारीची भाकरी थापताना ती ते म्हणाली होती आणि अण्णांनी दोन तासांनी वर्गात ते जसंच्या तसं पाद्रीणबाईंच्या तोंडी घातलं होतं. ते नेहमीच असं करायचे. माझ्या वर्गमैत्रिणींना हे कळेल, या धास्तीनं मी तासाला जीव मुठीत धरून बसायची.

आईच्या भिण्याला गेल्या दिवाळीनंतर धार आली होती. आमच्या शेजारच्या क्वार्टरमधले इतिहासाचे देशमाने सर अचानक गेले. आमच्यासारखंच तेही क्वार्टर कॉलेजच्या संस्थेचं. तेरावं झालं आणि नव्या प्राध्यापकासाठी ते रिकामं करून द्यावं, असा निरोप आला. निरोप सभ्य होता. देशमानेबाई दोन मुलांना घेऊन भावाकडे निघाल्या तेव्हा तिथं जागा नाही म्हणून लोणच्याची मोठी बरणी आईकडे ठेवून गेल्या. आईनं ती फडताळात सगळ्यांत वर ठेवली आणि कुणाला हात लावू दिला नाही.

त्यानंतरच तिनं हुडगे अप्पांच्या घरचं स्थळ काढलं. शिवलिंगप्पा हुडगे म्हणजे मोंढ्यातले, धान्याच्या बाजारातले, मोठे अडत व्यापारी. मुलगा मन्मथ, एकुलता एक. त्यांनी मला कुणाच्या तरी लग्नात बघितलं होतं आणि त्यांना मी पसंत होते. अण्णांनी हसून उडवून लावलं. “शिवकांताबाई, माझी मुलगी एम.ए. करणार. तुरीच्या पोत्यांवर बसून ती काय शेक्सपिअर शिकवणार?” अप्पांनाही त्यांनी असंच काहीतरी हसत हसत सांगितलं होतं.

आई दवाखान्यात आली तेव्हा ती रडली नाही. अण्णांच्या कपाळाला विभूती लावली, त्यांचे पाय पांघरुणात घेतले आणि स्टुलावर बसली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती घरी जाऊन येते म्हणाली आणि परत आली ती लग्नकार्यातलं इरकली लुगडं नेसून. मला तिनं खुणेनं बाहेर बोलावलं.

“मी हुडगे अप्पांच्या घरी जाऊन आले,” ती म्हणाली. “परवा ते ह्यांना बघायला येणारेत. तू माझी हिरवी साडी नेस.”

“अण्णांना विचारलंस?”

“त्यांना काय विचारू? डॉक्टरनं काय सांगितलंय तुला?”

“मग मी नाही म्हणाले तर?”

आईनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. “नाही म्हण की. मी कुठं जबरदस्ती करायलेय? फक्त मला एवढं सांग, ह्यांना काही झालं तर रेवतीला आणि शैलाला घेऊन मी कुठं जाऊ?”

मी अण्णांना सांगितलं तर धक्का बसून त्यांचं काही होईल, न सांगितलं तर परवा माझं लग्न ठरेल. ती रात्रभर मी त्यांच्या उशाशी बसून होते आणि ते झोपेत कण्हले तरी मला वाटायचं, ह्यांना कळलं.

तिसऱ्या दिवशी त्यांना जरा हुशारी आली. आवाज खोल गेला होता, पण पडून पडून कंटाळले होते. “पुस्तक आहे का गं? वाच जरा,” म्हणाले. मी कादंबरी काढली.

“मराठीत सांग,” आई म्हणाली. ती खाटेच्या पायथ्याशी मोसंबी सोलत होती. “दरसाल ही बाई आमच्या घरात येती आणि पोरं हसून हसून लोळतात. मला तिचं काहीच माहीत नाही. आज मला पण कळू दे.”

मी पान उलटलं. अण्णांच्या प्रतीत पानोपानी पेन्सिलच्या खुणा होत्या, कुठे थांबायचं, कुठे आवाज काढायचा. पण चाबकाच्या मुठीच्या पुढचं प्रकरण कोरं होतं. ते वर्गात कधी झालंच नव्हतं. मी मनात वाचत होते आणि आईला मराठीत सांगत होते.

“पाद्री आजारी पडतो. खोकला. आणि एक दिवस पलीकडच्या गावच्या पाद्र्याची बायको समाचाराला येते. बसते, चहा घेते, आणि उठताना...”

मी थांबले.

“उठताना काय?”

“उठताना ती खिडक्यांची मापं घेते. पडद्यांसाठी.”

आईचे हात थांबले. “दुसऱ्याच्या घरात?”

मी अण्णांकडे बघितलं. त्यांचे डोळे मिटलेले होते. डॉक्टरांनी जे कानावर घालू नका म्हणून सांगितलं होतं, तेच मी माझ्या तोंडानं वाचत होते. पुस्तक मिटावं म्हणून मी बोट काढलं.

“सांग तिला,” अण्णा म्हणाले. डोळे मिटूनच.

“घर त्यांचं नसतं, आई. चर्चचं असतं. पाद्री गेला की नवीन पाद्री येणार, घर त्याला मिळणार.”

“हे त्या बाईला आधीपासून ठाऊक होतं?”

“लग्न झाल्यापासून.”

“आणि त्याला?”

“त्यालाही.”

“मग तो काय करायचा?”

मला खोटं बोलता आलं असतं. पण तेवढं सुचलं नाही. “पुस्तकं वाचायचा,” मी म्हणाले. “आणि तिची थट्टा करायचा.”

मोसंबीची सालं आईनं कागदात नीट गुंडाळली. मग तिनं अगदी साध्या मनानं, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, “मग ह्यात हसायचं कुठं असतं?”

पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला त्याची सून पेज भरवत होती, त्या चमच्याचा आवाज येत होता. अण्णांनी तोंड भिंतीकडे केलं. “ते प्रकरण परीक्षेत येत नाही,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी हुडगे मंडळी आली. अप्पा पुढे, पांढरं धोतर आणि कोट, कपाळावर विभूतीचे ठसठशीत पट्टे. मागे त्यांची बायको, हातात सफरचंदांची पिशवी घेतलेला मन्मथ सगळ्यांत शेवटी. मी हिरवी साडी नेसले होते. अण्णांनी सकाळीच ती बघितली होती आणि विचारलं काहीच नव्हतं.

आईची समजूत अशी होती की मंडळी खाटेजवळ दोन मिनिटं बसतील, तब्येतीचं विचारतील आणि बाकी बोलणं व्हरांड्यात होईल. पण अप्पा सरळ माणूस. त्यांनी स्टूल खाटेला भिडवलं.

“सर, मागं तुम्ही नाही म्हणालात ते मी मनावर घेतलं नाही,” ते म्हणाले. “परवा अक्का घरी आल्या, फार बरं वाटलं. आता पुढचं बोलू.”

आईचा चेहरा पांढराफटक पडला. मी अण्णांच्या छातीकडे बघत होते, चादर वर होते आहे की नाही, खाली येते आहे की नाही. आता त्यांना कळलं. आता काहीतरी होणार. आणि नाही झालं तर ते आता हसणार, पोत्यांचं, शेक्सपिअरचं काहीतरी बोलणार आणि अप्पांचा अपमान होणार. यातलं काय जास्त वाईट, मला कळत नव्हतं.

अण्णा हसले नाहीत. “बोला,” म्हणाले.

“देणंघेणं काही नको. लग्न मात्र ह्याच महिन्यात, आम्हाला थांबायचं नाही. कॉलेज आता बंद करावं लागेल, आमचं घर मोठं, तिला वेळ व्हायचा नाही. आणि एक सांगतो, राग मानू नका. तुमचं क्वार्टर उद्या गेलं तरी काळजी नाही. आमच्या दुकानाच्या मागं दोन खोल्या रिकाम्या आहेत. अक्का आणि धाकट्या दोघी तिथं राहतील. आपलीच माणसं.”

तो माणूस मनापासून बोलत होता. आजही मला तसंच वाटतं. त्यांच्या बायकोनं माझा हात हातात घेतला होता आणि तो हात ऊबदार होता.

अण्णांनी माझ्याकडे बघितलं. “गिरिजा?”

मला दिसत होती ती फक्त चादर. “तुम्ही म्हणाल तसं,” मी म्हणाले.

अण्णांनी अप्पांपुढे हात जोडायचा प्रयत्न केला. एका हाताला सलाईन होतं, तो उचलला गेला नाही, म्हणून एकच हात छातीशी आला. “ठरवून टाका,” ते म्हणाले. “फार उपकार होतील तुमचे.”

मी अण्णांच्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकला. प्राचार्यांशी भांडून वर्षभर पगारवाढ न घेणारे अण्णा. आवाज त्यांचा नव्हताच. आजारी मुलाचा असतो तसा, बारीक.

अप्पांनी खिशात हात घातला. मला देण्यासाठी त्यांनी नारळाचे आणि ओटीचे पैसे आणले असावेत. तेवढ्यात आई उठली.

“अप्पा, थांबा,” ती म्हणाली.

“काय अक्का?”

“उपकार नको.” तिनं पदर खांद्यावरून घट्ट ओढून घेतला होता. “ह्यांची तब्येत बरी नाही. काय बोलायलेत ते ह्यांचं ह्यांना कळेना झालंय. हा शब्द धरू नका.”

“अगं...” अण्णा म्हणाले.

“तुम्ही पडा. पोरीची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, अप्पा. ती देणार. त्याच्या पुढची पण देणार. तुम्हाला थांबायचं तर थांबा, नाही तर तुमच्या मुलाला पोरी काय कमी आहेत?”

अप्पांचा हात खिशातच राहिला. त्यांना राग आला नव्हता, ते चकित झाले होते. “पण अक्का, परवा तुम्हीच आमच्या दारात आलता ना?”

“आलते. भ्याले होते, म्हणून आलते.”

“मग आता भीती गेली?”

“नाही,” आई म्हणाली. “आता जास्त भ्याले.”

अप्पा उठले. अण्णांच्या पायाला हात लावून “बरे व्हा, सर” म्हणाले आणि निघाले. मन्मथनं सफरचंदांची पिशवी खाटेखाली ठेवली आणि जाताना माझ्याकडे एकदा बघितलं. त्यालाही सुटल्यासारखं वाटलं होतं की वाईट वाटलं होतं, मला समजलं नाही. त्याच उन्हाळ्यात बिदरच्या मुलीशी त्याचं लग्न झालं आणि आम्हा सगळ्यांना रीतसर बोलावणं आलं.

अण्णा जगले. आणखी चांगली पंधरा वर्षं जगले. बरे झाल्यावर पहिल्यांदा त्यांनी काय केलं असेल तर बिदर रस्त्याला एक जागा घेतली आणि फंडातून पैसे काढून दोन खोल्या बांधल्या, वर पत्रे. त्या आईच्या नावावर केल्या. मी एम.ए. झाले, नांदेडला नोकरीला लागले, माझं लग्न पुढे खूप उशिरा आणि माझ्या मनानं झालं. रेवतीचं आणि शैलाचं स्थळ आईनंच शोधलं, आणि त्या वेळी अण्णा मुकाट्यानं तिच्याबरोबर गावोगाव फिरले.

पण त्या दुपारी यातलं काहीच कुणाला ठाऊक नव्हतं. मंडळी फाटकाबाहेर गेली. मी व्हरांड्यात आले तर आई माठाजवळ उभी होती. तिनं पाणी घेतलं होतं, पण पेला दातांवर आपटत होता आणि पाणी इरकलीवर सांडत होतं.

“गिरिजा, मी काय करून बसले गं?” ती म्हणाली. “चालून आलेलं घर. पोरींना छप्पर मिळत होतं. मी काय केलं हे?”

मी तिच्या हातातून पेला घेतला. “अण्णा हो म्हणाले होते, आई. मीही म्हणाले होते. मग तूच का नाही म्हणालीस?”

“ते भ्याले, गं.” आईनं माझं मनगट धरलं. “त्यांना असं कधी बघितलं नव्हतं मी. मी रोज भ्यायची, पण ते हसायचे. मला राग यायचा. तरी वाटायचं, हा माणूस हसतोय म्हणजे अजून एवढं काही बिघडलं नाही. त्यांच्या जिवावर भ्यायची मी. आता ते पण भ्याले तर घरात उरलं कोण?”

तिनं पदरानं तोंड पुसलं, ओल्या निऱ्या झटकल्या आणि आत गेली. मी दारातून बघत होते. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते. आई स्टुलावर बसली आणि नेहमीपेक्षा मोठ्या आवाजात, पलीकडच्या खाटेवरच्या म्हाताऱ्यालाही ऐकू जाईल अशी म्हणाली, “मुलगा उंचीला कमीच होता. आपल्या गिरिजाच्या खांद्याला लागला असता.”

हे साफ खोटं होतं. मन्मथ माझ्यापेक्षा वीतभर उंच होता.

अण्णांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, पुन्हा कळ आली. मी डॉक्टरांना हाक मारत आत धावले. ते हसत होते की रडत होते, मला आजही सांगता येणार नाही. आईचा हात त्यांच्या पाठीवर होता, आणि तिच्या निऱ्या अजून ओल्या होत्या.